काळा स्पंज

छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले आणि तरीही माझ्या हेमांगीचं लग्न मोडलं.

आमच्या इचलकरंजीत आता पत्रिका दोन असतात. एक जन्मवेळेची, दुसरी लाळेची. दोन्ही धुंडिराज गुरुजीच बघतात. पट्टी जिभेवर टेकवायची, यंत्रात सरकवायची, आणि पोह्यांच्या बशा फिरेपर्यंत दोघांच्या जनुकांचा मेळ मोबाइलवर हजर. साखरेचा आजार येणार का, हृदय कसं, होणाऱ्या मुलांत काय काय उतरेल, सगळं टक्क्यांत. पूर्वी मंगळ आडवा यायचा, आता जनुक येतं. ज्याला मोडायचं असतं त्याला काहीतरी निमित्त लागतंच.

खरं म्हणजे हे यंत्र आमचं, मासेवाल्यांचं. शोभेच्या माशांची पैदास करणाऱ्यांसाठी ते पहिल्यांदा बाजारात आलं. नर-मादी एका टाकीत सोडण्याआधी कुणात कुठला दोष दडलाय ते कळावं म्हणून. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, माशांना जमतं तर माणसांना का नको? माणसांचं यंत्र स्वस्त पडावं म्हणून त्यातला तपशील काढून टाकला आणि नुसता निकाल ठेवला. वरपक्षाला तेवढाच हवा असतो.

तर त्या दिवशी गुरुजी मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, "एकोणतीस गुण. उत्तम. साखर नाही, हृदय ठणठणीत. रंगाचं मात्र..." त्यांनी घसा खाकरला. "मुलगा सूर्यमुखी, मुलगी सूर्यमुखी. संतती शंभर टक्के सूर्यमुखी. खाण तशी माती."

सूर्यमुखी म्हणजे अल्बिनो. जन्मापासून अंगात रंग नसलेलं माणूस. केस पांढुरके, कातडी उन्हात भाजणारी, डोळ्यांना उजेड खुपतो आणि लांबचं धड दिसत नाही. माझी हेमांगी अशी आहे. तिचा जन्म झाला तेव्हा बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून कुजबुजत होत्या. माझा नवरा विणकर माणूस. त्यानं तिला उजेडात धरलं आणि म्हणाला, "सोन्याची जर आहे जर! हिचं नाव हेमांगी." तो गेला त्याला सहा वर्षं झाली. त्याच्या माघारी माग भंगारात गेले आणि त्याच शेडमध्ये मी काचेच्या टाक्या मांडल्या.

समोर बसलेला यतीन दिवटे, विट्याचा, तोही तसाच. साड्यांची डिझाइनं काढतो, पडद्याला नाक लावून. एका साडीच्या काठासाठी माशांच्या अंगावरचे पट्टे बघायला म्हणून आमच्याकडे आला होता. पट्टे बघायला दोन तास लागतात होय? मी तेव्हाच ओळखलं.

"शंभर म्हंजे शंभर?" यतीनच्या आईनं, सुभद्राबाईंनी विचारलं. "एक बी पोर आपल्यासारखं व्हनार न्हाई?"

गुरुजींनी मान हलवली.

सुभद्राबाई उठल्या. भांडायला नव्हे, भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मालनताई, पोरगी लाखात एक हाय. तिच्यात काय बी खोट न्हाई. पण मी एक पोरगं उन्हापासनं लपवून लपवून वाढिवलंय. फळ्यावरचं दिसंना म्हनून मास्तरांचा मार खाल्ला त्यानं. मानंवर फोड आलं, मला वाटलं कांजिण्याच, मी कडुलिंबाचा पाला लावत बसले. ते उन्हानं भाजलं हुतं वो! कुनी सांगिटलंच न्हाई मला. आता परत नातवंडाचं तेच बघायचं? माझ्यात ताकद न्हाई."

त्या गेल्या. मागोमाग यतीनही गेला, चपला घालताना हेमांगीकडे बघत राहिला पण बोलला काही नाही. त्या बाईचा मला राग यायला हवा होता. आला तो यतीनचा. अरे, तोंड आहे ना तुला?

हेमांगीनं बशा गोळा केल्या, विसळल्या, आणि शेडमध्ये जाऊन टाक्यांचं पाणी बदलायला लागली.

आमच्याकडे डिस्कस मासे आहेत. ताटलीसारखे गोल आणि चपटे, आणि माशांत विरळा असा त्यांचा एक गुण. यांची पिल्लं आईबापाच्या अंगावर वाढतात. अंडी घातली की आईबापाच्या कातडीवर दुधासारखा चिकट थर धरतो आणि पिल्लं त्यांच्या अंगाला चिकटून तोच खातात. आमचा नावलौकिक अल्बिनो डिस्कससाठी. फिकट पिवळं अंग, गुंजेसारखे लाल डोळे. पण गेली दोन वर्षं आमचं घोडं पेंड खात होतं. अंडी पडायची, तिसऱ्या दिवशी पांढरी फटक व्हायची आणि त्यांच्यावर बुरशी धरायची. घरच्याच पिल्लांची घरच्याच पिल्लांशी जुळणी करत राहिलं की वंशात दडलेले दोष एकमेकांना भेटतात आणि बीज दुबळं होतं. हेमांगी म्हणाली, बाहेरचं रक्त आणू. म्हणून चेन्नईहून एक अल्बिनो नर मागवला होता.

लग्न मोडलं त्याच आठवड्यात आमच्या मादीनं त्या नराबरोबर अंडी घातली. आणि काय सांगू, एकही अंडं वाया गेलं नाही. मातीच्या उभट भांड्यावर अंडी घातलेली असतात, त्यावर नुसती शेपट्यांची वळवळ. मी भिंग घेऊन बघितलं आणि माझं टाळकं सरकलं. प्रत्येक पिल्लाला दोन काळे ठिपके. डोळे! अल्बिनोच्या पिल्लाचे डोळे काळे कसे असतील?

मी चेन्नईच्या माणसाला फोन लावला आणि मला येत होतं तेवढ्या हिंदीत त्याचा उद्धार केला. संकराचा माल पांढरा म्हणून खपवतोस? तो बिचारा म्हणत होता, अम्मा, माझ्याकडे चार पिढ्या पांढरेच निघतात. मी म्हटलं, मग माझ्याकडे काय कोळशाच्या खाणीत घातलीत का अंडी?

हेमांगीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला, त्या माणसाची माफी मागितली आणि नराच्या अंगावरचा चिकट थर कापसाच्या बोळ्यावर घेऊन आमच्या यंत्रात घातला. आमचं यंत्र माशांचं, म्हणजे तपशिलाचं. निकाल वाचायला ती पडद्याला अगदी चिकटून बसली.

"आई, तो खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "नर अल्बिनोच आहे. आपली मादीपण अल्बिनोच. पण दोघांचं मोडलेलं जनुक वेगळं आहे."

"म्हणजे?"

"रंगखाना आठवतो का आपला? सूत काळं करायला काय काय लागायचं?"

"रंग लागतो. आणि भट्टी."

"एका रंगखान्यात भट्टी पेटलीय पण रंगाचं पोतं नाही. दुसऱ्यात पोतं आहे पण भट्टी बंद. दोन्हीकडनं सूत पांढरंच बाहेर येणार की नाही? बघणारा म्हणेल, दोन्ही सारखेच. आता दोघांचं सामान एका ठिकाणी आणलं तर?"

"काळं होईल."

"तसंच झालंय. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. काम व्हायला एक धड प्रत पुरते. या पिल्लांना मादीकडनं रंगाची मोडकी प्रत आली, पण भट्टीची चांगली आली. नराकडनं उलटं. दोन्हीची एकेक चांगली प्रत मिळाली, म्हणून रंग आला. यांच्या पिल्लांत परत काही पांढरी निघतील बघ."

मी आयुष्यभर पांढऱ्यावर पांढरा घातला आणि पांढरेच काढले, कारण सगळे एकाच घराण्यातले, सगळ्यांचं मोडलेलं जनुक एकच. त्यावरून आम्ही नियम करून टाकला. धुंडिराज गुरुजींच्या यंत्रातही तोच नियम घातलेला: सूर्यमुखी अधिक सूर्यमुखी, बरोबर सूर्यमुखी. कुणाचं काय मोडलंय हे त्यानं विचारलंच नव्हतं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अगं हेमा! मग तू आणि यतीन... तुमचंही वेगळं असू शकतं!"

"असू शकतं. माणसांत पण अशी चार-पाच वेगवेगळी जनुकं आहेत."

"मग ऊठ ना! कोल्हापूरला मोठ्या तपासणीला जाऊ दोघांना घेऊन. सुभद्राबाईंना मी आत्ता फोन—"

"नाही."

इतक्या शांतपणे म्हणाली की मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं.

"माझ्यासारखं मूल होणार म्हणून त्यांनी नको म्हटलं," ती म्हणाली. "आता माझ्यासारखं होणार नाही म्हणून हो म्हणतील. आई, दोन्हीकडे नको असलेली मीच की गं. अशा घरात मी कशी राहू? आणि तपासणीत एकच निघालं तर? दुसऱ्यांदा नको म्हणून घ्यायला परत पोहे करायचे?"

मी रागावले, असलं कसलं डोकं म्हणाले, संसार हा हट्टानं होत नसतो म्हणाले. ती टाकीकडे तोंड करून उभी. पाठ थरथरत होती. मी जवळ गेले नाही, आणि जायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

लपवाछपवी मात्र तिच्या स्वभावात नाही. पिल्लांची सगळी हकीकत आणि आपला नकार, दोन्ही तिनं स्वतःच यतीनला फोन करून सांगितलं. तो काय म्हणाला ते मला कळलं नाही. पण या खेपेला त्यानं आईसमोर तोंड उघडलं असणार, कारण त्या आठवड्यात सुभद्राबाईंचा फोन आला. त्यांच्या आवाजात नवा हुरूप होता. "ताई, मी येतोय. मोठ्या तपासणीच्या दोन पट्ट्या घेऊनच येतोय. पोरीला मी समजावतो." मी हेमांगीला सांगितलं. ती म्हणाली, येऊ दे.

त्या यायच्या दिवशी सकाळी पिल्लं भांड्यावरून सुटली आणि पोहायला लागली. हीच घटका कठीण. आता त्यांनी आईबापाच्या अंगाला चिकटायला हवं. नाही चिकटली तर दिवसाभरात उपाशी मरतात. आणि अल्बिनो आईच्या बाबतीत नेहमी तेच व्हायचं. पिल्लं आईला सोडून भलतीकडे जायची. आमच्या धंद्यात म्हणच आहे, पांढरी मादी आई होत नाही. म्हणून आम्ही तिची अंडी काढून तपकिरी दाई जोडीच्या टाकीत टाकतो. माझे आजवरचे सगळे अल्बिनो असे दाईच्या अंगावर वाढलेत. या वेळी हेमांगीनं नर तेवढा बाजूला काढला होता, अंडी हलवू दिली नव्हती.

आणि झालं तेच. पिल्लांचा ढग आईला वळसा घालून कोपऱ्यातल्या फिल्टरच्या काळ्या स्पंजकडे गेला आणि तिथंच चिकटला. आई आपली त्यांच्याभोवती फिरतेय, अंग हलवून बोलावतेय.

"झालं!" मी म्हटलं. "तुझ्या हट्टापायी सगळी मरणार. काढ, दाईकडे टाकू."

हेमांगी काचेला नाक लावून बघत होती. लांबचं तिला दिसत नाही, पण जवळचं जितकं बघते तितकं मी बघत नाही.

"आई, लहानपणी जत्रेत मी तुला कशी शोधायचे?"

"हे काय आता मध्येच?"

"तुझं तोंड मला दिसायचंच नाही. तू माझ्यासाठी काळी छत्री घ्यायचीस ना, ती दिसायची. मी त्या काळ्या डागाकडे पळत यायचे. एकदा दुसऱ्याच बाईच्या छत्रीखाली गेले होते."

मला आठवलं. माझा जीव गेला होता तेव्हा.

"साधी डिस्कस आई पिल्लं झाली की अंगानं काळवंडते. पिल्लांना एवढंच कळतं: जे सगळ्यात गडद ते आपलं. ही काळी होऊच शकत नाही. टाकीत सगळ्यात गडद आहे तो स्पंज. पिल्लं त्यालाच आई समजतायत. हिच्यात खोट नाही गं, आपण टाकीच चुकीची मांडतो."

तिनं कामाला सुरुवात केली. काळा स्पंज काढून पांढरा बसवला. करडी नळी काढली. टाकीच्या तिन्ही बाजूंना आणि तळाला पांढरे कागद लावले, दिवा मंद केला. मीही मग पदर खोचला. आम्ही कागद चिकटवत होतो तेवढ्यात दारात सुभद्राबाई आणि यतीन. सुभद्राबाईंच्या हातात रुमालात बांधलेल्या पट्ट्या.

"या मावशी," हेमांगी हात ओले तसेच ठेवून म्हणाली. "पाच मिनिटं थांबता का? पोरं मरतील नाही तर."

त्या थांबल्या. आम्ही चौघं टाकीसमोर. पांढऱ्या टाकीत आता सगळ्यात गडद काही असेल तर ती फिकट पिवळी आई. पिल्लं सैरभैर झाली होती. मग एक वळलं. मग चार-दोन. आणि मग सगळा ढगच्या ढग वळला आणि तिच्या अंगाला जाऊन चिकटला. ती जराही हलली नाही. पिल्लं चोखत होती आणि ती उभी होती.

"ह्यो काय परकार?" सुभद्राबाईंनी हळू आवाजात विचारलं.

मी सांगितलं. स्पंजचं, दाईचं, धंद्यातल्या म्हणीचं, सगळं.

"मग इतकी वर्सं?"

"इतकी वर्षं आम्ही आईला नावं ठेवत होतो."

सुभद्राबाई उलट्या टाकलेल्या क्रेटवर बसल्या. टाकीकडे बघता बघता त्यांचे डोळे भरले. "मला बी कुनी सांगिटलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पोराला काय दिसतंय, काय दिसत न्हाई, कधीच कळलं न्हाई मला. जेवनात ताटातली पांढरी कोशिंबीर तशीच ठेवायचा, मी नखरं म्हनून मारायची."

"स्टीलच्या ताटात पांढरं दिसत नाही, मावशी," हेमांगी म्हणाली. "रंगीत ताटलीत वाढायचं."

यतीन हसला. "अजून पण मला दिसत न्हाई कोशिंबीर, आई."

"आनि ऊन?" त्यांनी हेमांगीला विचारलं.

"लांब बाह्या, टोपी, मलम. मलम ढगाळ दिवशीपण. शाळेत पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून. आणि बाईंना आधीच जाऊन सांगायचं, म्हणजे मार बसत नाही."

"तुला गं हे सगळं..." बोलता बोलता त्या थांबल्या. कुठून ठाऊक, हे विचारायची गरज नव्हती. "माझ्या यतीनला तुझ्यासारखी आई पायजे हुती गं," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मी पाणी आणायला गेले नाही, मलाच डोळे पुसायचे होते.

हेमांगी त्यांच्यासमोर खाली बसली. तिनं विचारलंच. "मावशी, मी ती पट्टी लावणार नाही. मूल काळं होईल, पांढरं होईल, मला माहीत नाही. माझ्यासारखं झालं तर?"

सुभद्राबाईंनी नाक पुसलं. "तर तुला ठावं हाय की कसं वाढवायचं ते. मला बी शिकीव. एकदा चुकले, दुसऱ्यांदा तरी नीट करीन."

हेमांगीनं यतीनकडे बघितलं. तो म्हणाला, "मी घरनंच सांगून निघालोय. आईनं न्हाई म्हटलं तरी मी तुलाच विचारणार हुतो. त्या दिवशीच बोलायला पायजे हुतं."

"मग बोल की आता," मी म्हटलं. आणि साखरेचा डबा आणायला गेले. परत आले तर तिघं टाकीपाशी वाकून पिल्लं बघत होते. त्या दोन पट्ट्या माझ्याकडेच राहिल्या. माशांना चालत नाहीत, मी करून बघितलं.

धुंडिराज गुरुजींनी मुहूर्त काढून दिला, जरा कुरकुरत. अल्बिनो आईच्या अंगावर पिल्लं वाढतात हे कळल्यावर गावोगावचे मासेवाले आमच्याकडे पांढरी टाकी बघायला येऊ लागले, आणि हेमांगी त्यांना काही न लपवता दाखवते.

परवा हेमांगी बाळंत झाली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आणि सुभद्राबाई बाकावर बसलो होतो. विट्याहून त्यांच्या जावेचा फोन आला. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आलं. "काय वो, कुनासारखं झालंय? रंग कसा हाय?"

सुभद्राबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मुलगी हाय," त्या म्हणाल्या. "आवाज खणखणीत हाय. आल्या आल्या आईला अशी लुचली की सोडायलाच तयार न्हाई. आनि काय विचारायचं असतंय?"

"पन रंग—"

"टोपडी पाठीव दोन. उन्हाची," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि आम्ही दोघी नातीला बघायला आत गेलो.